देवनगरींतील शेवया

परक्या देशाची ओळख तेथील देवळें, राजवाडे आणि संग्रहालयें पाहून होते, असें प्रवासवर्णनें वाचणाऱ्या मंडळींस वाटतें. परंतु संध्याकाळीं पोटांत भूक उभी राहिली, म्हणजेच त्या देशाशीं आपलें खरें बोलणें सुरू होतें. आणि प्रवासी शाकाहारी घरचे असले तर हें बोलणें पहिल्या दिवशीं बहुधा वादाचेंच रूप घेतें. थायलंडची राजधानी जी बँकॉक, ती पाहावयास आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें अलीकडे जातात. परत आल्यावर तीं ‘पाचूचा बुद्ध’ म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ति, नदीवरील नावा आणि बाजारांतील कापडचोपड यांविषयीं सांगतात, आणि मग हळूच विचारतात कीं, त्या रस्त्यावरच्या परतलेल्या शेवया घरीं कशा करावयाच्या? या शेवयांस तेथें ‘फात् थाय’ म्हणतात. त्यांचा गांव कोणता, त्यांस हें नांव कसें पडलें, आणि आपल्या स्वयंपाकघरांत त्या आणतांना काय सोडावें लागतें व काय सोडूं नये, याचा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

थाई लोक आपल्या राजधानीस बँकॉक म्हणत नाहींत. ते तिला ‘क्रुङ् थेप’ म्हणतात. ‘थेप’ म्हणजे आपला ‘देव’च. 1782 सालीं पहिल्या राम राजानें चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही देवनगरी वसविली. राजाच्या नांवांत राम, राजवाड्याच्या आवारांतील ओवऱ्यांच्या भिंतींवर ‘रामकियन’ या नांवानें रंगविलेली रामकथा, आणि जुन्या शहराच्या मध्यभागीं ‘थेवसथान’ म्हणजे चक्क देवस्थान! 1784 सालीं बांधलेल्या या देवस्थानांत शिव, गणेश व विष्णु यांचीं तीन निरनिराळीं मंदिरें आहेत आणि राजदरबारचे ब्राह्मण अद्यापि तेथें पूजाअर्चा करतात. दर वर्षीं मे महिन्यांत राजवाड्याशेजारच्या मैदानांत नांगरणीचा राजसमारंभ होतो. त्या वेळीं भात, मका, तीळ, गवत, पाणी इत्यादि पदार्थ बैलांपुढें ठेवतात आणि बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचें भविष्य वर्तवितात. तो विधि याच ब्राह्मणांच्या हातून होतो. देवस्थानासमोर तांबड्या रंगाचा एक प्रचंड लांकडी झोपाळा उभा आहे. त्यावर झोके घेण्याचा धार्मिक विधि 1935 सालीं बंद झाला. चौकट मात्र शहराची खूण म्हणून राहिली आहे.

या झोपाळ्यापासून पूर्वेकडे थोडें चाललें कीं महाचाय रस्ता लागतो. येथें पूर्वीं ‘प्रतू फी’ म्हणजे भुतांची वेस होती. तटाच्या आंत प्रेतदहन करावयाचें नाहीं असा जुना दंडक असल्यामुळें शहरांतील प्रेतें या वेशींतून बाहेर काढून ‘वात् साकेत’ या विहाराकडे नेत असत. आतां वेस नाहीं आणि तटही फारसा उरलेला नाहीं. परंतु ज्या वाटेनें एके काळीं लोक शोक करीत जात, त्याच वाटेवर आज संध्याकाळ झाली कीं शेवयांच्या ताटलीसाठीं माणसें रांग धरून उभीं असतात. ‘थिप समाय’ हें फात् थायचें प्रसिद्ध दुकान याच रस्त्यावर आहे. तेथें रस्त्याच्या कडेलाच कोळशाच्या शेगड्या धगधगत असतात, आणि तयार शेवया अंड्याच्या अगदीं पातळ पापुद्र्यांत गुंडाळून देण्याची तेथील हातचलाखी पाहण्यासारखी आहे.

फात् थाय करतांना पाहणें हेंच अर्धें शिक्षण होय. सर्व सामान आधींच चिरून, भिजवून, वाट्यांतून मांडून ठेवलेलें असतें. खोलगट लोखंडी कढई सणसणीत तापली म्हणजे तेल, त्यावर थोडा लसूण व बारीक कांदा, मग सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या घट्ट पनिराचे तुकडे, खारवलेला मुळा आणि वाळविलेली कोळंबी जाते. मग भिजविलेल्या चपट्या शेवया पडतात, पाण्याचा एक शिपका बसतो, चिंच, गूळ व मासळीचें खारें पाणी यांचें मिश्रण वरून ओततात. शेवया एका बाजूस सारून रिकाम्या जागीं अंडें फोडतात. शेवटीं मोड आलेले मूग आणि लसणीच्या जातीची हिरवी पात टाकून दोन हात फिरवितात, आणि ताटली पुढें येते. ताटलींत भाजलेल्या दाण्यांचें कूट, लिंबाची फोड, कच्च्या मोडांची मूठ आणि पुष्कळदां कच्च्या केळफुलाचा एक तुकडा असतो. प्रत्येक मेजावर साखर, तिखट, मिरच्या घातलेला शिरका आणि मासळीचें पाणी अशा चार कुप्या ठेवलेल्या असतात. जेवणारानें आंबट, गोड, खारट व तिखट यांचा शेवटचा तोल स्वतःच्या जिभेनें साधावयाचा, हा तेथील शिष्टाचार आहे. जेवतांना वरून साखर घेणारा मनुष्य पाहून आपल्यापैकीं कोणी हंसूं नये. आमटींत गुळाचा खडा नसेल तर आपल्यांतील कित्येक घरांत ताटावरून भुंवया चढतात, हें आपणांस ठाऊकच आहे.

या पदार्थाचें पूर्ण नांव ‘क्वायतियाव फात् थाय’. यांतील ‘क्वायतियाव’ म्हणजे तांदळाच्या शेवया. हा शब्द चिनी आहे. ‘फात्’ म्हणजे परतणें. चिनी शेवया थाई रीतीनें परतलेल्या, एवढाच याचा अर्थ. मग चिनी स्थलांतरितांनीं आणलेली वस्तु थाई राष्ट्राची खूण कशी झाली? ती हकीकत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानेंही वाचावी अशी आहे.

1938 सालीं प्लेक फिबून सोंगख्राम हे सेनानी सयामचे पंतप्रधान झाले. 1939 सालीं त्यांनीं देशाचें नांव ‘सयाम’ बदलून ‘थायलंड’ केलें, आणि त्या वर्षापासून 1942 पर्यंत ‘रत्थनियोम’ या नांवाचीं बारा फर्मानें काढलीं. लोकांनीं कोणता पोषाख करावा, राष्ट्रगीताच्या वेळीं कसें उभें राहावें, येथपासून दिवसांतून चारांपेक्षां अधिक वेळां जेवूं नये येथपर्यंत सर्व त्यांत होतें. स्त्रियांनीं घराबाहेर पडतांना टोपी घालावी असा आग्रह झाला. विडा खाण्यास मनाई झाली; ज्या घरांत जेवणानंतर पानाचें तबक फिरतें, त्यांना या मनाईचा जाच निराळा सांगावयास नको. देशांतील व्यापारउदीम मोठ्या प्रमाणावर चिनी लोकांच्या हातीं होता, तो थाई लोकांच्या हातीं यावा म्हणून कांहीं धंदे केवळ थाई नागरिकांसाठीं राखून ठेवण्यांत आले. अशांत महायुद्ध आलें आणि 1942 सालीं बँकॉकमध्यें मोठा पूर आला. तांदूळ जपून वापरण्याची पाळी आली, तेव्हां सरकारनें लोकांना शेवया खाण्याचा उपदेश आरंभिला, व शेवयांच्या हातगाड्या चालविण्यास उत्तेजन दिलें. फात् थायची पहिली ताटली कोणाच्या हातची, याविषयीं निरनिराळ्या कथा सांगतात; परंतु या पदार्थाच्या प्रसारास त्या काळच्या सरकारी उत्तेजनानें हात दिला, एवढें खरें.

यांतील मौज अशी कीं, ज्या राज्यकर्त्यांना चिनी वर्चस्व नकोसें झालें होतें, त्यांच्याच कारकीर्दींत चिनी कढईंतील चिनी शेवयांना ‘थाय’ हें विशेषण लागून राष्ट्रीय अन्नाचा मान मिळाला. टोपीची सक्ती गेली. खुद्द फिबून 1957 सालीं सत्ताभ्रष्ट होऊन देशाबाहेर गेले व 1964 सालीं जपानमध्यें वारले. शेवया मात्र राहिल्या. पुढें 2002 सालीं थाई सरकारनें परदेशांत थाई भोजनगृहें वाढविण्याची मोहीम हातीं घेतली आणि या ताटलीची कीर्ति आणखी पसरली. पण सरकारी फर्मानानें एखादा पदार्थ लोकांच्या पुढ्यांत आणतां येतो. तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागावयास लावणें सरकारच्या हातचें नाहीं. तें काम रस्त्यावर कढईपाशीं घाम गाळणाऱ्या बायामाणसांनीं केलें.

‘आमचें’ अन्न आणि ‘परकें’ अन्न हा भेद करतांना म्हणूनच जरा सबुरी धरावी. आपल्या एकादशीच्या फराळाकडेच पाहावें. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि हिरवी मिरची हीं चारही दक्षिण व मध्य अमेरिकेंतून समुद्र ओलांडून आलीं, आणि आज त्यांच्यावांचून आपला उपवास पार पडत नाहीं! पोर्तुगीजांनीं 1510 सालीं गोवें घेतलें आणि 1511 सालीं त्यांचा वकील सयामची तेव्हांची राजधानी अयुथया येथें पोंचला. अमेरिकेंतील मिरची आशिया खंडांत पसरण्यास या दर्यावर्दी लोकांचा व्यापार कारण झाला. तेव्हां थाई कढईंतील मिरची आणि आपल्या खलबत्त्यांतील मिरची या एकाच काळच्या पाहुण्या आहेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. या पदार्थाचें सामान ऐकून आपल्याकडील गृहिणी प्रथम बिचकते, आणि फडताळ उघडतांच निर्धास्त होते. चिंच, गूळ, शेंगदाणे, मूग, लिंबू, केळफूल, मुळा यांतील कोणती वस्तु आपल्या घरांत परकी आहे? थाई लोक साखरेस ‘नाम् तान’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ताडाचें पाणी, आणि त्यांतील ‘तान’ हा आपला संस्कृत ‘ताल’च होय. बँकॉकच्या नैर्ऋत्येस समुत सोंगख्राम म्हणून प्रांत आहे, तेथें नारळाच्या पोयींतून निघणारा रस आटवून गूळ करतात. आपल्या गोमांतकांत माडाचा गूळ होतो, तो येथें उत्तम. तो न मिळाल्यास उंसाचा पिवळा गूळ चालतो. तांदळाच्या शेवयाही आपल्यास नव्या नाहींत. कोंकणांत तांदळाचे शिरवाळे करून नारळाच्या गोड रसांत खातात. मात्र फात् थायसाठीं चपट्या, वाळविलेल्या शेवया पाहिजेत. आतां मोठ्या शहरांतील वाणसामानाच्या दुकानांत त्या मिळतात. थायलंडांत चांथाबुरी प्रांताच्या नांवावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘सेन् चान’ शेवया यासाठीं वाखाणल्या जातात, कारण त्या चिवट असून कढईंत लवकर तुटत नाहींत.

दोन ताटल्यांचें प्रमाण असें : सुक्या शेवया 120 ग्रॅम; चिंचेचा दाट कोळ 2 मोठे चमचे; बारीक चिरलेला गूळ 2 मोठे चमचे; सोयाबीनचें घट्ट पनीर 100 ग्रॅम; लांब मोडांचे मूग दोन मुठी; दाण्यांचें जाडसर कूट 2 मोठे चमचे; कांद्याची पात, लिंबू व तिखट आवडीप्रमाणें. बँकॉकमध्यें खारटपणा ‘नाम् प्ला’ या मासळीच्या पाण्यानें येतो. लहान समुद्री मासे मिठांत घालून महिनोन्‌महिने मुरवितात व त्यांतून निथळलेलें पाणी गाळून घेतात, तें हें. शाकाहारी घरांत त्याच्या जागीं सोयाबीनचा पातळ खारा अर्क दीड मोठा चमचा आणि चवीपुरतें मीठ घालावें. खारवलेल्या मुळ्यासाठीं किसलेल्या मुळ्यास मीठ चोळून पाणी पिळून काढावें व कीस उन्हांत वाळवावा. आपण उसळीसाठीं मुगास काढतो ते मोड आंखूड असतात. येथें ते बोटभर लांब हवेत. त्यासाठीं भिजविलेले मूग झांकून अंधारांत ठेवावे, त्यांवर थोडें ओझें द्यावें आणि दिवसांतून तीन-चार वेळां पाणी घालून निथळावे. चार-पांच दिवसांत पांढरेशुभ्र, जाड मोड तयार होतात.

सारी कला शेवयांच्या ओलाव्यांत आहे. गव्हाच्या शेवयांप्रमाणें या शेवया उकळूं नयेत. गव्हांत जो चिवट चिकपणा असतो तो तांदळांत नाहीं. उकळत्या पाण्यांत तांदळाच्या शेवयांचें बाहेरचें अंग मऊ होऊन गळूं लागतें आणि कढईंत त्यांचा लगदा होतो. म्हणून साध्या पाण्यांत अर्धा-पाऊण तास भिजवाव्या. बोटाभोंवतीं गुंडाळतां याव्या, पण दांताखालीं कच्च्या लागाव्या, इतपत झाल्या कीं निथळून घ्याव्या. त्यांचें उरलेलें शिजणें कढईंत, पाण्याच्या शिपक्यावर आणि चिंचेच्या कोळांत व्हावयाचें असतें. कोळ व गूळ आधीं एकत्र करून, मंद विस्तवावर गूळ विरघळवून व खारा अर्क घालून ठेवावें. हें मिश्रण कोरड्या कढईंत ओतलें तर गूळ करपतो, म्हणून शेवया थोड्या नरम झाल्यावरच तें घालावें. मोड व पात अगदीं शेवटीं घालावी; त्यांचा करकरीतपणा गेला कीं ताटलींतील निम्मी गंमत गेली. केळफुलाचा तुकडा चिरून ठेवल्यास काळा पडतो. तो लिंबू पिळलेल्या पाण्यांत बुडवून ठेवावा.

मासळी आणि अंडें वगळल्यावर हा पदार्थ मूळचाच राहतो असें आम्ही म्हणणार नाहीं. समुद्राचा जो खोल खारट वास त्यांत असतो, तो सोयाबीनच्या अर्कानें येत नाहीं. पण तेवढ्यासाठीं पदार्थ बाटला असेंही मानण्याचें कारण नाहीं; खुद्द थाई लोकांची एक जुनी सोय या बाबतींत आपल्या कामीं येते. तेथें शाकाहारास ‘मङ्सविरत’ म्हणतात, म्हणजे आपली ‘मांसविरति’. त्यांत अंडें व दूध चालतें. याहून कडक असें ‘जे’ नांवाचें व्रत चिनी वंशाच्या लोकांत आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रारंभीं नऊ दिवस तें पाळतात. त्यांत मांस, मासे, अंडीं, दूध तर नाहींच, पण लसूण, कांदा, त्यांच्या जातीच्या पाती आणि तंबाखू हीदेखील वर्ज्य! हे नऊ दिवस पुष्कळ वर्षीं आपल्या शारदीय नवरात्रांतच पडतात. 2023 व 2024 या दोन्ही वर्षीं दोन्ही व्रतांचा आरंभ एकाच दिवशीं झाला. त्या दिवसांत बँकॉकच्या यावरात या चिनी पेठेंत पिवळीं निशाणें लागतात, त्यांवर तांबड्या रंगांत ‘जे’ हें अक्षर असतें, आणि निशाण लावलेल्या गाडीवर फात् थायही त्या नियमानें मिळतो. सिलोम भागांतील मारिअम्मनच्या तमिळ देवळांतही तेव्हां नवरात्राचा उत्सव चालू असतो. चातुर्मासांत कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस या निशाणाखालीं निःशंकपणें बसतां येतें. तेव्हां घरीं कांदा, लसूण व अंडें यांवांचून केलेल्या शेवया ही आपण काढलेली पळवाट नसून देवनगरींतच चालत आलेली एक रीत आहे.

आतां शेवटचा आणि खरा प्रश्न. एकत्र कुटुंबांत हा पदार्थ करावयाचा कसा? आमटीभात बारा माणसांसाठीं एका पातेल्यांत होतो. या शेवया होत नाहींत. घरच्या विस्तवाचा जोर बेताचा. कढईंत दोन ताटल्यांहून अधिक शेवया घातल्या कीं कढई थंड होते, पाणी सुटतें आणि शेवया परतण्याऐवजीं वाफेवर गिच्च होतात. आधीं करून ठेवाव्या, तर दहा मिनिटांत त्यांचा गोळा बनतो. म्हणजे बारा माणसांसाठीं सहा घाणे, प्रत्येकीं चार-पांच मिनिटें, आणि प्रत्येक ताटली कढईंतून थेट पुढ्यांत. ही अडचण केवळ पाकशास्त्राची नाहीं. आपल्याकडे नवा पदार्थ घरांत येतो तो सर्वांच्या जिभेसाठीं, आणि त्याचें ओझें पडतें एका सुनेवर किंवा दोघी जावांवर. सर्वांच्या ताटल्या गरम निघाव्या म्हणून जी अर्धा तास धगीपुढें उभी राहते, तिच्या स्वतःच्या ताटलींत शेवटीं तो गार गोळाच येतो. असें दोनदां झालें कीं ती तिसऱ्या वेळीं तो पदार्थ करीत नाहीं, आणि मग तरुण मंडळी तो खाण्यासाठीं बाहेर जातात. घरांतील पंगतीचा एक कोपरा ओस पडतो.

आमच्या घरीं यावर एक तोड काढली आहे, ती सुचवितों. चिरणें, भिजविणें, कूट करणें हीं कामें दुपारीं सर्वांनीं मिळून उरकावीं. कढया दोन ठेवाव्या. एक ‘जे’ नियमाची, दुसरी अंडें खाणाऱ्यांची, आणि दोहोंचे झारे निरनिराळे. पहिला घाणा घरांतील सर्वांत वडील माणसांचा. दुसरा घाणा जिनें दुपारपासून सामानाची जुळवाजुळव केली तिचा. ती शेवटीं बसावयाची नाहीं. आणि ज्याची ताटली संपली त्यानें उठून, हात धुऊन, पुढच्या दोघांसाठीं झारा हातीं घ्यावयाचा, मग तो पुरुष असो कीं कॉलेजांत जाणारा मुलगा असो. सर्व वाट्या मांडलेल्या असतात, क्रम ठरलेला असतो. चार मिनिटांचें काम कोणासही शिकतां येतें. प्रथम एक-दोघांच्या हातून गूळ करपला, कांहींच्या शेवया तुटल्या. पण ज्यानें एकदां चार मिनिटें कढईपुढें काढलीं, तो समोर आलेल्या ताटलीस पुन्हां सहसा नांव ठेवीत नाहीं.

ज्यांनीं फर्मानें काढलीं त्यांना एका राष्ट्रानें एकाच रीतीनें वागावें असें वाटत होतें. त्यांच्या देशांत टिकलेली ही शेवयांची ताटली मात्र दरेक जेवणाऱ्यासाठीं निराळी परतली जाते, आणि चार कुप्यांतील कोणती किती घ्यावी हें जेवणारा ठरवितो. बारा जिभांच्या कुटुंबास एका छपराखालीं जेवावयाचें असेल, तर मेजावर त्या चार कुप्या असाव्या आणि झारा हातोहात फिरावा, एवढें या देवनगरींतून घेण्यासारखें आहे.